सरपंचाचं बोट

चौसाळा
९ नोव्हेंबर

सायली,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे असतील तर घे, नाहीतर बायडाबाईच्या टोपलीत टाकून परत पाठव. माझा फोन तू लागू देत नाहीस. अंगद नवरा असून त्याचाही नाही. तुझ्या सासऱ्यांनी लिंबागणेशला तुझ्या वडिलांना लावला, तर आप्पाराव नुसते "बघू, बघू" म्हणतात. मग उरलं काय? सातवीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं. बायडाबाई कासारीण इथल्या बायकांना बांगड्या भरून तुमच्या बाजाराला जातेच, तिच्या हाती हा कागद देते.

मी तुला बोलवायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. तू शहाणी आहेस, पोलिसात जाऊन आलीस, वकील केलास, आता आम्ही कोण सांगणारे? माझं काम राघूचं आहे. तू गेलीस ती एका पिशवीनिशी, राघू मागेच राहिला. अंगदनं तो आणला, हौसेनं त्याचं नाव सरपंच ठेवलं, "नुसती मान हालवतो, काम काय करत न्हाई" म्हणून सगळ्या मळ्याला हसवलं. तो सरपंच आता मला पिंजऱ्याजवळ फिरकू देत नाही. पाणी बदलायला गेले तर माझ्या अंगठ्याचा लचका काढला. छातीवरची पिसं स्वतःच उपटतो आहे. खालची कातडी दिसते, बघवत नाही.

तुझ्या खांद्यावर बसायचा, तुझ्या कानातलं ओढायचा. अन्न आमचं, पिंजरा आमचा, आणि जीव तुझ्यावर.

अंगद आता त्याला काही करत नाही. आधीही फार काही करत होता असं नाही. माणूस दिवसभर फिरून येतो, राघू किंचाळतो, एखादी चप्पल जाते पिंजऱ्यावर. सिगारेटचा धूर सोडायचा तो गमतीनं. आणि राघूच्या पायाचं बोट गेलं ते पिंजऱ्याचं दार लागून गेलं, तुझ्या करंगळीचं पेर न्हाणीच्या दारात गेलं तसंच. या घरातली दारंच जड आहेत. सुतार बोलवायचा म्हणते आहे.

त्याला कसं खाऊ घालायचं तेवढं कळव.

मुक्ताबाई


चौसाळा
१९ नोव्हेंबर

सायली,

उत्तर नाही. बायडाबाई म्हणाली, कागद घेतलास, वाचलास आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलास. फाडला नाहीस, एवढ्यावरच मी समाधान मानते.

तू सांगत नाहीस म्हटल्यावर मी माझ्या पद्धतीनं घेतलं. खाणं बंद केलं. भूक लागली की भले भले ताळ्यावर येतात. पहिल्या वर्षी तूही आली होतीस की. कडी बाहेरून मी लावली होती ती तुझ्याच भल्यासाठी, अंगद तापला होता, तू समोर दिसली असतीस तर काय झालं असतं? तेव्हा तू मला शिव्या दिल्यास, दार उघडल्यावर मात्र ताटावर बसलीस. मी काही बोलले नव्हते. जेवताना माणसाला बोलू नये.

पण राघू तुझ्याहून हट्टी निघाला. तळहातावर पेरूची फोड घेऊन बसले, तर पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून, डोळे मिटून पडून राहिला. हिरवी मिरची दाखवली, वळूनसुद्धा बघितलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. बायडाबाई बांगड्या भरायला आली होती, ती बघून म्हणाली, "मुक्ताबाई, मरंल की त्यो. कावून छळताव मुक्या जनावराला?"

मी म्हटलं, "सायलीला इचार. तिला म्हाईत हाय त्याला कसं जगवायचं. ती सांगत न्हाई त्याला मी काय करू?"

तिला सांगितलंच आहे, तुलाही लिहिते.

मुक्ताबाई


चौसाळा
२७ नोव्हेंबर

सायली,

निरोप पोचला, दोन पेरूही पोचले. कागदावर काही लिहिलं नाहीस, तोंडी पाठवलंस. कळतं मला. वकिलानं सांगितलं असेल, लिहून काही देऊ नका. तुझे शब्द बायडाबाईनं जसेच्या तसे म्हणून दाखवले: "सायली म्हनली, त्याच्याकडं बघू नगा. पाठ करून बसा. तुमी खाताव ते त्याच्यासमोर खावा आन उरलेलं त्याच्याफुडं ठिवा. हात वरून घालू नगा, वरून घार येती. खालून न्या, हळू. आन उपाशी मारू नगा त्याला."

शेवटचं वाक्य म्हणताना बायडाबाईचे डोळे भरून आले. तू रडलीस का गं सांगताना? मी विचारलं, तिनं टोपली उचलली आणि निघाली.

पिंजरा मागच्या पडवीत, चुलीजवळ हलवला आहे. ओट्यावर ठेवायची आता सोय नाही. राघू पाळणं गुन्हा आहे म्हणे, आणि तुझे सासरे पंचायत समितीला उभे आहेत, कुणी फोटो काढला तर विरोधकांना आयतंच कोलीत. मागं कुणी येत नाही.

पेरू कापताना मला माझे वडील आठवले. ते तितर धरायचे. पाळलेल्या तितराचा पिंजरा माळावर ठेवायचे, भोवती फासे, आणि आम्ही झुडपामागे. पिंजऱ्यातला ओरडला की रानातले धावत येत. मी लहान होते, विचारलं, "आपला कावून वरडतो?" वडील म्हणाले, "त्याला वाटतं, कुनीतरी आपल्याला न्यायला यील." मला तेव्हा त्याची फार दया आली होती. असंच आठवलं म्हणून लिहिलं, त्यात विशेष काही नाही.

मुक्ताबाई


चौसाळा
१४ डिसेंबर

सायली,

तुझं खरं निघालं. रोज सकाळी पिंजऱ्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसते. आधी नुसता फडफडायचा. मग गप्प झाला. मग दांडीवर सरकत सरकत माझ्या बाजूला यायला लागला. मला दिसत नाही, पण नखांचा आवाज येतो. एका सकाळी अंबाड्यातला केस ओढला गेला. मी हलले नाही. पुन्हा ओढला, हळूच, तुझं कानातलं ओढायचा तसा. सायली, मी रडले. अंगदला पाजताना रडले होते, त्यानंतर कशाला रडले असेन तर याला. तुला हसायचं तर हस.

आता बांगड्या वाजल्या की त्याला कळतं, मी आले. बायडाबाईनं या खेपेला हिरव्या काचेच्या डझनभर भरल्या, चुलीपाशी हात हलला की खळखळतात आणि हा दाराशी येऊन उभा राहतो. मी हात खालून नेते. बोटावर चढतो. पंजा कोमट लागतो. एवढ्याशा जिवाला इतकी ऊब असते हे मला या वयात कळलं.

शेंग मात्र डाव्या बाजूनं द्यावी लागते. उजव्या बाजूची त्याला दिसत नाही. तो डोळा पांढरट झाला आहे. तू असताना चांगला होता म्हणशील. तू तरी नीट बघितलं होतंस का? जनावराचं काही सांगता येत नाही. अंगदला मी विचारलं, तो म्हणाला, काडी लागली असंल.

अंगदला तो अजून जवळ येऊ देत नाही. पाऊल वाजलं की चोच उघडून दारावर येतो. गेल्या वर्षी त्याच्या बोटाला चावला, टाके पडले, आठवतंय ना, तेव्हापासून अंगद पिंजऱ्यात हात घालत नाही, लांबूनच काय ते करतो. म्हणजे आता तेही करत नाही.

इकडे प्रचार जोरात आहे. संक्रांतीला आपल्याकडे हळदीकुंकू ठेवलं आहे, ह्यांच्या मतदार गणातल्या सगळ्या गावच्या बाया येतील. वाण म्हणून स्टीलचे डबे आणले आहेत, त्यावर ह्यांचं नाव. बायांना डबा नको असतो, बातमी हवी असते. "सूनबाई दिसत न्हाई वो," असं एकीनं जरी विचारलं, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या गणाला आपल्या घरची दारं मोजून होतील. तू विचार कर. जबरदस्ती नाही.

मुक्ताबाई


चौसाळा
२९ डिसेंबर

सायली,

हरभऱ्याचे घाटे मिळाले. सरपंचानं एकेक फोडून खाल्ले, टरफलं माझ्या मांडीवर टाकली. छातीवर नवी लव येते आहे.

पण निरोप ऐकून मला राग आला. राघू बायडाबाईजवळ पाठवून द्या, म्हणे. तिच्या टोपलीत, काचेच्या बांगड्यांत? इतके दिवस पाठ मोडून मी त्याला माणसात आणला तो कासारणीच्या टोपलीत घालायला? तुला तो हवा असेल तर तू ये. जो आपला आहे त्याला न्यायला माणसानं स्वतः यावं. मी खोटं बोलत नाही, घेऊन जा म्हणते. हळदीकुंकवाला एक दिवस माझ्या शेजारी उभी राहा, काळी साडी मी घेऊन ठेवली आहे, आणि दुसऱ्या दिवशी राघू घेऊन सकाळच्या गाडीनं परत जा. कुणी अडवणार नाही. माझा शब्द आहे.

अंगद सुधारला आहे. परवा ताट आपटलं नाही, नुसतं सरकवलं.

तू आली नाहीस तर मी काय करू ते मला माहीत नाही. हळदीकुंकू झालं की मी महिनाभर माझ्या भावाकडे जाणार आहे, गुडघ्याचं बघायला. मागे राघू आणि अंगद दोघंच राहतील. शेंगा कोण सोलील? तूच सांग.

मुक्ताबाई


चौसाळा
६ जानेवारी

सायली,

येतेस म्हणालीस. बायडाबाईनं दारातूनच सांगितलं, "येती म्हनली भोगीच्या दिशी, दुपारच्या गाडीनं." मी तिला साखर दिली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. केसचं बी बघू, ती एकदा घरात आली म्हंजे." अंगद तर बायकोच्या नावानं एवढा हसरा मी लग्नानंतर पाहिला नव्हता.

त्यालाच सुचलं. म्हणाला, "आई, ती आली की तिच्याफुडं राघू माझ्या हातावर बसला पायजे. मग तिला पटंल मी बदललो म्हनून." मला बोलणं पटलं. माणूस बदलला हे तोंडानं सांगून कोण ऐकतं?

आज सकाळी त्यानं पिंजऱ्याचं दार उघडून हात खालून नेला, मी शिकवला तसा. सरपंच मागे सरकला, चोच उघडली. अंगद म्हणाला, "आई, बांगड्या वाजव." मी चुलीपाशी होते. वाजवल्या. त्यानं मान वाकडी केली, डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा वाजवल्या. मग आला. एक पाय ठेवला, मग दुसरा. अंगदच्या बोटावर चढून बसला. चावला नाही.

अंगद त्याला बाहेर घेऊन तोंडाजवळ नेऊन म्हणाला, "टाके इसरलास व्हय बे?"

माझी भाकरी तव्यावर होती. भाकरी करपली तर घरभर वास बसतो. मी तोंड तव्याकडे केलं.

बाकी सगळं ठीक. तू ये. ठरलं तसं ये.

मुक्ताबाई


चौसाळा
११ जानेवारी

सायली,

मधे लिहिता आलं नाही, घरात माणसांची ये-जा होती. आता सांगते ते आधी खाली बस, मग वाच. तुझा विश्वास बसणार नाही, माझाच बसला नव्हता.

मी सरपंचासाठी कपिलधारला जाऊन आले. धबधब्याचं तीर्थ बाटलीत आणलं, त्याच्या डोळ्याला लावलं, पायाला लावलं, मनापासून बोलले. तर दोन दिवसांत डोळा उघडला. आरशासारखा स्वच्छ. आणि पायाला बोट फुटलं. नखासकट. आता चारही बोटं आहेत, तू आलीस की स्वतः मोजून बघ, आधी सांगून ठेवते म्हणजे दचकणार नाहीस. छातीची पिसंही भरली. देवाची करणी, आपण कोण विचारणारे?

देवाचा हात फिरला की जनावर थोडं बावरतं. आत्ता माझ्याही हातावर येत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतो. तू आलीस की तुला ओळखील. नाही ओळखलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, तू तरी कुठं इतके दिवस होतीस?

बायडाबाई काल आली होती. माझे हात बघून म्हणाली, "आवो, संक्रांतीच्या तोंडावर सवाशिनीचे हात मोकळे? भरते की." मी नको म्हटलं. काचेच्या बांगड्या फार वाजतात. सोन्याच्या पाटल्या आहेत हातात, त्या पुरे. ती उगाच पडवीत, उकिरड्याकडे घुटमळत होती, तुला काहीबाही सांगेल. तिचं मनावर घेऊ नकोस. बांगड्या विकणारी बाई, चार घरचं ऐकणार आणि चार घरी सांगणार.

भोगीची भाजी तुझ्यासाठी ठेवते. बाजरीची भाकरी, वर लोणी. अंगद स्टँडवर येईल घ्यायला.

मुक्ताबाई


लिंबागणेश
१२ जानेवारी

आत्याबाई,

लिहून काही देऊ नका असं वकीलसाहेबांनी सांगितलं आहे. तरी लिहिते. हे सांगायला तोंडी निरोप पुरणार नाही.

पिशवी भरली होती. भाऊ नको म्हणत होता, आप्पा "बघू, बघू" म्हणत होते. मी त्यांना सांगितलं, एक दिवस उभी राहते आणि सरपंचाला घेऊन येते. त्याच्यासाठी वाटीत तूर भिजवली होती, वाटेत द्यायला. आज दुपारी बायडाबाईनं तुमचं पत्र आणलं. मी ओट्यावर उभ्यानंच वाचलं. बोट फुटलं इथपर्यंत आले आणि खाली बसले.

बोट पुन्हा फुटत नाही, आत्याबाई. माझ्या करंगळीचे टाके निघाल्यावर कपिलधारला मीही गेले होते. तीर्थ मीही लावलं, तुम्हीच बरोबर होतात, तुम्हीच हातावर ओतलंत. तिला अजून पेर आलेलं नाही. तुमच्या ते लक्षात राहिलं नाही.

मग मी बायडाबाईला विचारलं. ती पदरानं तोंड पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझी पिशवी भरलेली बघून जीव गेला माझा. कसं सांगावं कळंना." उकिरड्यात हिरवी पिसं होती. एक पाय होता, तीन बोटांचा. ती बघते आहे हे बघून तुम्ही वर चुलीतली राख टाकलीत.

मी तुम्हाला शिकवलं. पाठ करून बसा, हात खालून न्या, हे मीच सांगितलं, तो उपाशी मरतोय हे ऐकवेना म्हणून. तेवढं माझ्या माथी आहे आणि ते मी कुणावर ढकलत नाही. पण मी असताना त्याची एक सवय कधी मोडली नव्हती. माझ्या खांद्यावर बसलेला असला तरी अंगदचं पाऊल वाजलं की तो चोच उघडायचा. मी त्याला कधी चूप म्हटलं नाही. त्या चोचीवर तो तीन वर्षं जगला. तुमच्या बांगड्या ऐकून त्यानं ती मिटली.

माझ्यासाठीही तुम्ही वाजवतच होतात. पेरू मिळाले, लव आली, केस ओढला, मी रडले. मी सगळी पत्रं परत परत वाचली. तुम्ही रडलात हे मला खरं वाटलं होतं. अजूनही वाटतं, म्हणूनच जास्त भीती वाटते. रडून डोळे पुसलेत आणि बांगड्या वाजवल्यात.

मी येणार नाही. भोगीला नाही, संक्रांतीला नाही, कधीच नाही. बाया विचारतील सून कुठं आहे, तर सांगा, लिंबागणेशला आहे, कोर्टाची तारीख बघते आहे. तुमची सगळी पत्रं उद्या वकीलसाहेबांकडे देणार आहे. त्यात तुम्ही स्वतःच्या हातानं बरंच काही लिहिलं आहे, कडी कुणी लावली तेसुद्धा.

नवा राघू कुठून आणलात मला माहीत नाही. तो कोपऱ्यात बसतो म्हणता. बसू द्या. त्याच्यापुढे शेंगा सोलू नका, पाठ करून बसू नका, खालून हात नेऊ नका. अंगद जवळ आला की तो चोच उघडील. त्याला चावू द्या.

सायली